आधी पहार, मग खत

(सामुदायिक रेडिओवरील महिलांच्या कार्यक्रमात दिलेलं भाषण)



मी बावधनमधून बोलतेय. बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते, त्यामुळे एरवी माझं बोलणं हप्ते, वह्या आणि बँकेच्या चकरा यांबद्दलच असतं. आज मात्र मातीबद्दल बोलायचंय. कारण आमच्या एका गटाचं कर्ज एकदा मातीत अडकलं होतं. अगदी खरोखरच्या मातीत, जमिनीच्या वरच्या वीतभर थराखाली.

त्या गटातल्या 11 जणींनी गावाच्या कडेला 14 गुंठे जमीन वर्षभराच्या खंडाने घेतली होती. खंड, बियाणं, शेणखत, पाण्याचा पाइप असं सगळं धरून गटाच्या अंतर्गत कर्जातून 30,000 रुपये उचलले. बेत साधा होता. मेथी, कोथिंबीर, मुळा, गाजर लावायचं आणि सकाळी सोसायट्यांच्या दारात ताज्या जुड्या विकायच्या. बावधनमध्ये आता गिऱ्हाइकाला तोटा नाही. तोटा आहे तो मोकळ्या जमिनीचा. म्हणून तुकडा मिळाला तसा आम्ही खूश होऊन घेतला.

त्या जागेवर आधीचे दोन पावसाळे बांधकामाची यंत्रं आणि डंपर उभे राहत होते. ते आम्हाला माहीत होतं. पण आता जागा रिकामी झाली, वरचे दगड वेचून टाकले, म्हणजे काम झालं असं आम्हाला वाटलं. श्रावण संपता संपता दोन दिवस उघडीप मिळाली. हातातला मुहूर्त जाऊ नये म्हणून घाईघाईने रोटाव्हेटर मारून घेतला. रान कसं चाळलेल्या पिठासारखं दिसायला लागलं! आम्ही फोटोसुद्धा काढले.

मेथी उगवली. पहिले दहा-बारा दिवस बरी होती. मग पिवळी पडायला लागली. एक सर आली की वाफ्यात पाणी साचून राहायचं, आणि दोन दिवस ऊन पडलं की तीच मेथी मान टाकायची. पाणी जास्त झालं म्हणावं तर सुकते, आणि कमी पडलं म्हणावं तर मुळाशी चिखल. मुळा उपटला तर बोटभर लांब आणि खाली दोन फाटे फुटलेले. गाजरांचं तर नावच नको.

मग जे होतं तेच झालं. दोष कुणाचा, याची शोधाशोध सुरू झाली. बियाणं आणायला ज्या काकू गेल्या होत्या, त्यांच्यावर सगळं आलं. "स्वस्तातलं आणलं असेल", "जुनी पिशवी बघितली नाही", असं बैठकीत बोललं गेलं. काकू पावत्या दाखवत राहिल्या, पण कुणी नीट पाहिल्या नाहीत. पुढच्या बैठकीला त्या आल्याच नाहीत. मी समन्वयक. मीसुद्धा त्या दिवशी गप्प बसले, हे मला आज इथे सांगायला हवं.

दरम्यान आम्ही युरिया टाकला. चार दिवस पानं हिरवी झाली, पुन्हा पिवळी. मातीचा नमुना तपासायला दिला. अहवाल आला तर त्यात काळजी करण्यासारखं काहीच नव्हतं. म्हणजे बी चांगलं, माती चांगली, खत दिलेलं, पाणी दिलेलं. मग पीक का येत नाही?

उत्तर दिलं ते गटातल्या एका ताईंच्या सासूबाईंनी. त्या मुळशीच्या वरच्या अंगाच्या. सगळी हयात भाताच्या खाचरात गेलेली. त्या सहज रान बघायला आल्या आणि म्हणाल्या, "बियाला कशाला बोल लावताय? भुई बसलीया तुमची." त्यांनी पहार मागवली. आदल्या दिवशी पाऊस पडून गेला होता, सगळीकडे सारखी ओल होती. कुंपणाच्या कडेला आंब्याखाली त्यांनी पहार टेकवून अंगाचा भार दिला, तर ती हातभर आत गेली. आमच्या वाफ्यात तीच पहार वीतभर गेली आणि थांबली. फाटकाजवळ, जिथे डंपर उभे राहायचे, तिथे चार बोटंसुद्धा जाईना. मग त्यांनी मेथीचा एक बुंधा मातीसकट उचलला. मुळं सरळ खाली गेली होती, आणि चार-पाच इंचांवर सगळी एकदम आडवी वळली होती. फरशीवर पाणी ओतल्यावर ते जसं पसरतं, तशी.

मैत्रिणींनो, यालाच कृषी खात्याच्या भाषेत जमीन घट्ट होणं किंवा मातीचं दबणं म्हणतात. आपल्याकडे "बसलेली जमीन" म्हणतात. हे नेमकं काय असतं ते आता सांगते.

चांगली जमीन आपल्याला भरीव वाटते, पण ती निम्मी रिकामी असते. मातीचे कण आणि सेंद्रिय पदार्थ मिळून साधारण निम्मी जागा व्यापतात. उरलेल्या निम्म्या जागेत छोटी-मोठी भोकं असतात. चांगली ओल असते तेव्हा त्यातल्या अंदाजे अर्ध्या भोकांत पाणी असतं आणि अर्ध्यांत हवा. पोळीला जसे पदर असतात तसं समजा. पदर सुटलेले असले की पोळी मऊ. तीच गरम पोळी मुठीत दाबून गोळा केला तर पीठ तेवढंच राहतं, पदर मात्र जातात. जमिनीचंही तसंच होतं. वरून भार आला की आधी मोठी भोकं मिटतात. आणि मोठी भोकं हीच तर हवेची, पावसाचं पाणी खाली उतरण्याची आणि मुळांची वाट असते.

हे वजनावरही कळतं. जमिनीतून न हलवता, आहे तशी 1 लिटर माती काढून वाळवली, तर चांगल्या मोकळ्या रानात ती साधारण 1.1 ते 1.3 किलो भरते. आपल्या भारी काळ्या मातीत हा आकडा 1.4-1.5 किलोच्या पुढे गेला की मुळांना जड जायला लागतं. रेताड जमिनीत मुळं थोडी जास्त घट्ट माती सोसतात. मुळाचं टोक नाजूक असतं. मातीला भोक पाडायला दर चौरस सेंटिमीटरला साधारण 20 किलोपेक्षा जास्त जोर लागायला लागला, की बहुतेक पिकांची मुळं जवळजवळ थांबतात. खाली वाट नाही म्हटल्यावर ती आडवी पळतात. आमच्या मेथीने तेच केलं.

आता एकेक लक्षण जुळवून बघा. मुळं वरच्या चार इंचांतच राहिली, म्हणून दोन दिवसांच्या उन्हात ती जागा वाळली की झाड सुकतं, जरी खाली ओल असली तरी. पाऊस पडला की पाणी खाली उतरत नाही, मुळांशी साचतं. मुळांनाही श्वास लागतो. हवा मिळाली नाही की ती अन्न उचलू शकत नाहीत. त्यातच साचलेल्या पाण्यात काही जिवाणू जमिनीतल्या नत्राचा वायू करून टाकतात आणि तो उडून जातो. म्हणजे आपण विकत घेतलेला युरिया हवेत. म्हणून पानं पिवळी. स्फुरद तर जमिनीत फारसं हलत नाही, मूळ त्याच्यापर्यंत पोहोचलं तरच ते मिळतं. मूळच थांबलं, तर स्फुरद असून नसल्यासारखं. हरभरा, वाल, भुईमूग यांच्या मुळांवर ज्या गाठी असतात, त्यांतल्या जिवाणूंनाही हवा लागते. दबलेल्या जमिनीत गाठी कमी धरतात.

आणि अहवालात हे का दिसलं नाही? कारण तो त्यासाठी नसतोच. 2015 साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत 12 गोष्टी तपासतात. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, सूक्ष्म अन्नद्रव्यं, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. ती तपासणी जरूर करा, तिचा उपयोग आहे. पण नमुना घेताना आपण माती खणतो, मिसळतो, पिशवीत भरतो. माती किती दबलेली आहे ही गोष्ट तिथेच मोडून जाते. पत्रिका सांगते की डब्यात काय काय भरलंय. डबा उघडतो का, हे तिला विचारलेलंच नसतं.

जमीन दबते कशाने? वजनाने, हे तर खरंच. साधा ट्रॅक्टर 2 टनांच्या आसपास असतो, भरलेली ट्रॉली त्याहून जड आणि भरलेला डंपर 25 टनांच्या पुढे. जितकं वजन जास्त तितका दाब खोल जातो, कधी दीड-दोन फुटांपर्यंत. तिथे आपला नांगरही पोहोचत नाही. पण वजनाइतकीच महत्त्वाची आहे ओल. कोरड्या जमिनीवर ट्रॅक्टर गेला तर ती बरीच तग धरते. तोच ट्रॅक्टर ओल्या जमिनीवर गेला की माती लोण्यासारखी दबते. आणि सर्वात जास्त नुकसान चाकाच्या पहिल्या फेरीत होतं, पुढच्या फेऱ्या त्यात थोडीथोडी भर घालतात. म्हणून "एकदाच तर जायचंय" या म्हणण्याला अर्थ नाही.

आमची दुसरी चूक तीच होती. डंपरनी जमीन दाबलेली होतीच, वर आम्ही ओल्या रानात रोटाव्हेटर घातला. रोटाव्हेटरची पाती चार-सहा इंचच जातात. वरची माती पीठ होते आणि पात्यांच्या खालची माती चोपून गुळगुळीत होते, शेणाने सारवल्यासारखी. शिवाय वरचं ते पीठ एका जोरदार सरीने विरघळतं, मग वाळून त्याची खपली धरते. दिसायला सुंदर रान पिकाला किती वाईट असू शकतं, ते आम्ही फोटोसकट शिकलो.

यासाठीच आपल्या जुन्या माणसांनी एक शब्द ठेवलाय, वाफसा. पाऊस थांबल्यावर जास्तीचं पाणी निथळून जातं, भोकांत हवा परत येते, माती ओलसर असते पण चिकटत नाही, तो वाफसा. आजींनी ओळखायची रीत दाखवली. वीतभर खालची माती मुठीत घेऊन लाडू वळायचा आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडायचा. लाडू फुटून भुगा झाला तर वाफसा आला. नुसता चपटा होऊन बसला, किंवा तळहाताला चिकटला, तर अजून रानात शिरायचं नाही. ट्रॅक्टर नाही, बैल नाही आणि आपणही नाही. बैलाचा खूरही ओल्या मातीत चांगलाच रुततो, फक्त त्याचा दाब फार खोल जात नाही.

आता मुळशीतल्या भातवाल्या मैत्रिणींनी विशेष लक्ष द्या. आपल्या तालुक्यात पौडच्या पुढे जसजसं वर जावं तसा पाऊस वाढतो आणि खाचरं लागतात. आंबेमोहर आपला जुना. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून 1987 साली आलेला इंद्रायणी आता घरोघरी. भाताला आपण चिखलणी करतो. चिखलणी म्हणजे मुद्दाम केलेलं दाबणंच. पाणी खाली जाऊ नये म्हणून आपण भोकं बुजवतो आणि वर्षानुवर्षांच्या चिखलणीने वीतभर खाली एक कठीण थर तयार होतो. भाताला तो थर हवाच असतो, त्यावरच खाचरात पाणी उभं राहतं. भाताच्या मुळांना वरून हवा पोहोचवायची सोय निसर्गाने करून ठेवली आहे. पण भात निघाल्यावर त्याच खाचरात आपण हरभरा, वाल, मसूर पेरतो. हरभऱ्याचं सोटमूळ मोकळ्या जमिनीत दोन-तीन हात सहज खाली जातं. खाचरात ते त्या थरावर अडतं. डिसेंबर-जानेवारीत वरची ओल संपली की हरभरा फुलावर असतानाच वाळतो, आणि खाली फूटभरावर ओल शिल्लक असते. आपण म्हणतो, "थंडी कमी पडली", "घाटेअळीने खाल्लं". दर वेळी तसंच असतं असं नाही. एकदा रोप उपटून मूळ बघा.

यावर काम झालेलं आहे, आणि तेही आपल्या घाटाच्या पलीकडेच. रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातल्या नेरळला चंद्रशेखर भडसावळे यांची सगुणा बाग आहे. तिथे त्यांनी भाताची सगुणा पद्धत बसवली, तिला एसआरटी म्हणतात. तिच्यात नांगरणी नाही, चिखलणी नाही, आवण उपटून लावणी नाही. एकदाच गादीवाफे करायचे, लोखंडी साच्याने ठरावीक अंतरावर भोकं पाडायची आणि त्यांत बी टोकायचं. पीक निघालं की वरून कापायचं, मुळं जमिनीतच ठेवायची. ती मुळं कुजली की त्यांच्या जागी बारीक नळ्या उरतात, पुढच्या पिकाच्या मुळांना तीच वाट. त्याच वाफ्यावर मग रब्बीचं कडधान्य. लावणीला दिवसदिवस कंबर वाकवून चिखलात उभं राहणं टळतं, हे तर आपल्या बायकांसाठी फारच मोठं. या पद्धतीत तण आणि भाताचे धसकटाचे फुटवे मारायला तणनाशक वापरतात. ते वापरायचं की खुरपं धरायचं, याचा हिशेब प्रत्येकीने आपल्या घरी करावा. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर यांनीही नांगरणीशिवाय शेतीबद्दल अनुभवातून पुष्कळ लिहिलं आहे. ते वाचण्यासारखं आहे.

आता पुन्हा आमच्या 14 गुंठ्यांकडे येते. त्या हंगामात हाती फारसं काही लागलं नाही. दोन हप्ते थकले. गट मोडायच्या बेतात होता. पण खंड वर्षाचा भरलेला होता, म्हणून एक प्रयत्न करायचं ठरलं.

पहिलं काम केलं ते म्हणजे पावसाळ्यात आणि ओल असेपर्यंत त्या रानात काहीही घातलं नाही. एका ट्रॅक्टरवाल्याने "लगेच खोल फाळ मारून देतो" म्हटलं, तरी थांबलो. खोल जाणारा सबसॉयलर कोरड्या जमिनीतच चालवायचा असतो. कोरडा थर तडकतो, फुटतो. ओल्या थरातून फाळ नुसता लोण्यातल्या सुरीसारखा जातो, आणि बाजूची माती आणखी चोपतो. आम्ही मे महिन्यात, जमीन खडखडीत वाळल्यावर, तो एकदा मारून घेतला. किती खोल न्यायचा हे आधी पहारेने ठरवलं. कठीण थर जिथे संपतो त्याच्या किंचित खाली, बस. उगाच जास्त खोल म्हणजे जास्त डिझेल.

दुसरं, फोडलेली जमीन तशीच सोडली नाही. नुसती फोडून ठेवली तर पहिल्या पावसात ती पुन्हा बसते. तिला आतून धरायला मुळं लागतात. जूनमध्ये ताग पेरला. फुलावर यायच्या सुमारास, म्हणजे साधारण दीड महिन्याने, कापून तिथेच पसरला. ज्यांच्याकडे पाणथळ रान आहे त्यांना धैंचा बरा. बांधाकडेला तूर लावली. तुरीचं सोटमूळ म्हणजे बिनडिझेलचा नांगर. वर शेणखत आणि घराघरांतल्या ओल्या कचऱ्याचं खत. सेंद्रिय पदार्थ वाढला की गांडुळं येतात. चार्ल्स डार्विन यांनी 1881 साली गांडुळांवर अख्खं पुस्तक लिहिलं, ते काही उगाच नाही. त्यांची बिळं म्हणजे पाण्याला आणि हवेला तयार रस्ते.

तिसरं, आणि बिनखर्चाचं. आम्ही कायमचे वाफे आखले. वाफा तीन फूट रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंनी बसून हात मध्यापर्यंत पोहोचतो. मध्ये दीड फुटाची पायवाट. नियम एकच, वाफ्यावर पाय ठेवायचा नाही. खुरपताना नाही, पाणी देताना नाही, जुड्या काढतानाही नाही. सुरुवातीला सवयीने पाय पडायचा, मग आम्ही 5 रुपये दंड ठेवला. पहिल्या महिन्यात सर्वात जास्त दंड मीच भरला! मोठ्या शेतातही हेच करता येतं. ट्रॅक्टर-ट्रॉलीची एक चाकोरी ठरवा आणि दर वेळी चाक त्याच चाकोरीतून न्या. एरवी आपण म्हणतो की चाकोरी सोडावी. शेतातली चाकोरी मात्र सोडू नये. थोडी जमीन दबेल, बाकीची वाचेल.

चौथं, मेथी-कोथिंबीर मुळासकट उपटण्याऐवजी जिथे गिऱ्हाईक चालवून घेईल तिथे कापून विकायला लागलो. मुळं जमिनीत राहू लागली. सोसायटीतल्या बायकांना निवडायलाही ती सोपी पडते, त्यामुळे तक्रार आली नाही.

झालं काय? सगळं गोड झालं असं सांगणार नाही. दुसऱ्या वर्षी मालकांनी खंड पुढे चालू ठेवला म्हणून हे जमलं. फाटकाजवळचे तीन-चार गुंठे अजूनही हट्टी आहेत. तिथली दाबणी इतकी खोल आहे की ती एक-दोन वर्षांत सुटणार नाही. तिथे आम्ही पीक घ्यायचा नादच सोडला. खताचा खड्डा आणि पिशव्यांतली रोपवाटिका तिथे हलवली. बाकीच्या दहा गुंठ्यांत मात्र मेथी सारखी हिरवी आली, मुळा वीतभर सरळ आला. पाऊस पडला की पाणी वाफ्यात जिरतं. कर्ज फिटायला ठरल्यापेक्षा आठ महिने जास्त लागले, पण फिटलं.

आणि काकू. आजींनी पहार दाखवली त्याच आठवड्यात मी आणि गटाच्या अध्यक्ष त्यांच्या घरी गेलो. नुसतं घरी जाऊन भागणार नव्हतं. दोष सगळ्यांसमोर दिला होता. म्हणून पुढच्या बैठकीत त्यांच्या पावत्या वाचून दाखवल्या आणि चूक बियाण्याची नव्हती असं इतिवृत्तात लिहिलं. काकू म्हणाल्या, "माझं राहू द्या, पण पुढच्या वेळी आधी खणून बघा." आमच्या गटाचा तो आता नियमच झालाय.

एक शेवटची गोष्ट आमच्या गावाबद्दल. बावधन बुद्रुक 2021 साली पुणे महापालिकेत गेलं. जमिनी राहिल्या आहेत त्या तुकड्यातुकड्यांनी. आज भाजी, उद्या यंत्रं, परवा मुरूम-राडारोडा आणि पुन्हा कधीतरी भाजी, असं त्यांचं चाललेलं असतं. दबलेल्या जमिनीत पाऊस जिरत नाही, तो वाहत सुटतो. खाटपेवाडीकडून येणारी आपली रामनदी भूगाव, बावधन, पाषाण करत मुळेला मिळते. वरच्या अंगाला जमीन जितकी दबेल, तितकं पाणी एकदम तिच्यात येणार. म्हणजे हा प्रश्न शेती नसलेल्यांचाही आहे. बंगल्याच्या बागेत आणि सोसायटीच्या लॉनवर गाड्या उभ्या करणाऱ्यांचाही.

तर मैत्रिणींनो, घरच्या घरी करायच्या तीन परीक्षा लक्षात ठेवा. एक, पहार किंवा टोकदार सळई. चांगला पाऊस किंवा पाणी झाल्यावर एक-दोन दिवसांनी टोचून बघा. कोरडी जमीन कडक लागणारच, तेव्हा बघून उपयोग नाही. कुंपणाकडेच्या, चाक न गेलेल्या जमिनीशी तुलना करा. दोन, रोप मातीसकट उचलून मूळ बघा. आडवं वळलंय का, फाटे फुटलेत का. तीन, दोन्ही बाजूंनी उघडा पत्र्याचा डबा दोन इंच जमिनीत दाबा, तांब्याभर पाणी ओता आणि जिरायला किती वेळ लागतो ते बघा. तेच कुंपणाकडेला करा. फरक डोळ्यांना दिसेल.

एक खूण मात्र वेगळी काढा. पांढरट खपली धरणारी, पाऊस पडला की साबणासारखी निसरडी होणारी चोपण जमीनही घट्ट असते. पण तिचं कारण क्षारांत असतं. तिला माती परीक्षण आणि कृषी खात्याचा सल्लाच हवा. तिथे नुसत्या पहारेवर जाऊ नका.

गटाने खंडाने जमीन घेताना पैसे देण्याआधी चार ठिकाणी पहार मारून बघा. आधी तिथे काय उभं होतं ते विचारा. आणि एका वर्षासाठी घेऊ नका, निदान तीन वर्षांचं लिहून घ्या. कारण जमीन दबायला एक दुपार पुरते, सुटायला वर्षं लागतात.

सातबारा कुणाच्याही नावावर असो, रानात वाकून दिवस काढणाऱ्या आपण असतो. कुठे माती बोटाला मऊ लागते आणि कुठे खुरपं उडतं, हे सर्वात आधी आपल्याच हाताला कळतं. पण ट्रॅक्टर कधी बोलवायचा हे ठरताना आपल्याला कुणी विचारत नाही, आणि आपणही बोलत नाही. पुढच्या वेळी ट्रॅक्टर बांधावर आला की एवढंच करा. मातीचा लाडू वळा, सगळ्यांच्या देखत खाली सोडा. फुटला नाही, तर ट्रॅक्टर परत पाठवा. त्या दिवसाचं भाडं बुडेल, पण पीक बुडणार नाही.